कतारच्या गॅसची बातमी कशी वाचायची: युरियाच्या बॅगेपासून सुरुवात करू

२०२५ चा जून. मृगाचे दोन पाऊस पडून गेले होते, आमच्या दारव्ह्याकडं निम्म्या लोकांची सरकी टोबून झाली होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागला, की कतारचा गॅस बंद पडला, आता युरिया भेटणार नाही, ज्याला घ्यायचा त्यानं आजच उचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमचे मोठे बाबा तालुक्याच्या एका कृषी केंद्रासमोर लाईनीत उभे. पॉस मशीनवर त्यांचा अंगठा लागेना, रेषाच राहिल्या नाहीत अंगठ्यावर, धोतराला पुसून पुसून चौथ्यांदा लागला. गरज चार बॅगची, आणल्या नऊ, आणि सोबत कसल्यातरी टॉनिकच्या दोन बाटल्या घ्याव्याच लागल्या कारण त्याशिवाय दुकानदार युरिया द्यायला तयार नव्हता. याला लिंकिंग म्हणतात, हे नियमात बसत नाही, पण लाईनीत उभा असलेला माणूस नियम सांगत बसत नाही, बॅग घेऊन घरी येतो. चार वापरल्या, पाच भिंतीला लागून राहिल्या आणि पावसाळी हवेत त्यातल्या दोन दगडासारख्या कडक झाल्या.

आता खरं काय झालं होतं ते पाहा. १४ जूनला हल्ला झाला तो इराणच्या साउथ पार्सवर. समुद्राखालचा तो गॅसचा साठा इराण आणि कतार दोघांचा मिळून आहे, इराणच्या बाजूला त्याला साउथ पार्स म्हणतात आणि कतारच्या बाजूला नॉर्थ फील्ड. आग लागली ती इराणच्या किनाऱ्यावरच्या गॅस प्लांटला. २३ जूनला कतारवर क्षेपणास्त्रं आली ती अल उदैदच्या लष्करी तळावर, गॅसच्या प्लांटवर नाही. म्हणजे मेसेजमधला एक शब्द खरा होता, "गॅस", बाकी सगळं कोणीतरी जोडलेलं.

त्या रात्री मोठ्या बाबांनी मला विचारलं, "तो कतार कुठीसा आहे बे? अन् त्याच्या गॅसचा अन् माह्या युरियाचा काय संबंध?" प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर मी वहीत हळूहळू एकेक गोष्ट लिहून काढली, तीच इथं देतो. ज्याला अशी बातमी आली की धडकी भरते त्यानं एकदा शांतपणे वाचावं, कागद पेन्सिल घेऊन बसलात तर अजून बरं.

आधी हे ठरवा की बातमी कोणत्या गॅसची आहे

आपल्याकडं गॅस म्हटलं की डोळ्यापुढं लाल सिलिंडर येतं. ते एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, थोडा दाब दिला की पातळ होतं म्हणून १४.२ किलोच्या टाकीत भरता येतं. नैसर्गिक गॅस वेगळा, तो मुख्यतः मिथेन. तो नुसत्या दाबानं पातळ होत नाही, उणे १६२ अंशापर्यंत थंड करावा लागतो, तेव्हा तो पातळ होतो आणि त्याची जागा सुमारे ६०० पटीनं कमी होते. त्यालाच एलएनजी म्हणतात. गाड्यांमध्ये भरतात तो सीएनजी म्हणजे हाच मिथेन, पातळ न करता दाबून भरलेला. आणि समृद्धी महामार्गाच्या कडेनं 'गेल' या सरकारी कंपनीची जी गॅस पाईपलाईन टाकली आहे तिच्यातूनही हाच गॅस जातो.

कतार एलएनजी विकतो आणि एलपीजीसुद्धा विकतो, भारत दोन्ही घेतो, म्हणून बातमीत दोन्हींची खिचडी होते. पण युरियाशी नातं आहे ते नैसर्गिक गॅसचं. कारखान्यात मिथेन आणि वाफ मिळून हायड्रोजन काढतात, हवेतला नायट्रोजन त्याला जोडून अमोनिया करतात आणि अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया. गॅस इथं सरपण पण आहे आणि कच्चा माल पण, म्हणून युरिया बनवायच्या खर्चात सर्वात मोठा वाटा गॅसचाच असतो, ७० ते ८० टक्क्यांच्या घरात.

तर बातमीत एलपीजी लिहिलं असेल तर ती घरातल्या बाईच्या काळजीची बातमी, एलएनजी किंवा नैसर्गिक गॅस लिहिलं असेल तर वावराच्या. दोन्ही महत्त्वाच्या, पण लाईन वेगवेगळ्या दुकानापुढं लागते.

ढोलीत किती, काढलं किती, विकलं किती

बातमीत तीन आकडे असतात आणि पेपरवाले ते एका वाक्यात कोंबतात. साठा, उत्पादन, निर्यात. मी मोठ्या बाबांना आधी विहिरीचं उदाहरण देत होतो, मग लक्षात आलं ते चुकीचं आहे, विहिरीला झरे असतात, पाऊस झाला की ती भरते. गॅसचं तसं नाही. त्याला धान्याच्या ढोलीचंच उदाहरण बरोबर. ढोलीत ज्वारी किती आहे तो साठा. वर्षभरात ढोलीतून किती काढली ते उत्पादन. आणि काढलेल्यातली घरात खाऊन उरलेली बाजारात किती नेली ती निर्यात. एकदा काढली की ढोली आपोआप भरत नाही.

ढोलीच्या तोंडातून एका दिवसात किती निघते हे ढोलीच्या आकारावर ठरत नाही, तोंडाच्या आकारावर ठरतं. गॅसमध्ये हे तोंड म्हणजे विहिरी, समुद्रातले प्लॅटफॉर्म, किनाऱ्यावरचे प्लांट आणि जहाजं. साठ्यात इराण कतारच्या पुढे आहे, जगात रशिया पहिला, इराण दुसरा, कतार तिसरा. पण समुद्रापलीकडं गॅस विकण्यात कतार कुठल्या कुठे आणि इराण जवळपास नाहीच, कारण इराणवर निर्बंध, एलएनजीचे प्लांट उभे राहिले नाहीत, आणि त्यांचा बहुतेक गॅस त्यांच्याच देशात जळतो. म्हणून "अमुक देशाकडं प्रचंड साठा" असं वाचलं की लगेच त्याच्याकडून आपल्याला गॅस येईल असं समजायचं नाही.

एककांचं भांडण मिटवा

सगळ्यात जास्त गडबड इथं होते आणि म्हणून मी यावर जास्त लिहितो. इंग्रजी बातमीत बिलियन, ट्रिलियन असतं, मराठीत आणताना शून्यं हरवतात. पाठच करून टाका: एक बिलियन म्हणजे १०० कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. मग घनमीटर आहे का घनफूट ते बघा. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट बसतात, म्हणजे कोणी घनफुटाचा आकडा घनमीटर म्हणून छापला तर साठा पस्तीस पट फुगला. अशी चूक मी स्वतः दोन वेळा पाहिली आहे.

बीसीएम लिहिलं की १०० कोटी घनमीटर. टीसीएफ लिहिलं की लाख कोटी घनफूट. एमटीपीए लिहिलं की वर्षाला दहा लाख टन, हे एलएनजीसाठी वापरतात कारण तो पातळ माल, वजनावर विकतात. एमएमएससीएमडी असं लांबलचक दिसलं की दिवसाला दहा लाख घनमीटर, हे भारत सरकारच्या कागदांत असतं. आणि भाव कायम एमएमबीटीयूमध्ये, हे उष्णतेचं माप आहे, दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट. इथं अजून एक खोडा असा की एमटीपीए सोडलं तर गॅसच्या धंद्यात एक एम म्हणजे हजार आणि दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार, रोमन आकड्यांची जुनी सवय, त्यामुळे एमसीएफ म्हणजे दहा लाख घनफूट नव्हे, फक्त हजार घनफूट.

टनावरून घनमीटरवर यायचं तर १० लाख टन एलएनजी म्हणजे अंदाजे १३७ कोटी घनमीटर गॅस. आणि एक टन एलएनजी म्हणजे सुमारे ५२ एमएमबीटीयू. एवढे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बाकी सगळं यातून निघतं.

एक एमएमबीटीयू म्हणजे नेमकं केवढं हे डोळ्यापुढं यावं म्हणून सांगतो, घरच्या दीड सिलिंडरमध्ये जेवढी आग असते साधारण तेवढं.

साठा वाचताना

नॉर्थ फील्ड १९७१ मध्ये सापडलं, शेल कंपनी तेल शोधत होती आणि गॅस निघाला. त्या वेळी कोणाला फार आनंद झाला नाही कारण गॅस नेणार कसा. उत्पादन सुरू व्हायला १९९१ उजाडलं. दोन्ही देशांचं मिळून क्षेत्र सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, त्यातलं ६,००० कतारकडं. आपला यवतमाळ जिल्हा १३,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जिल्ह्यापेक्षा लहान तुकडा, आणि त्यात जगातला सगळ्यात मोठा एकसंध गॅससाठा.

नेहमीच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये कतारचा सिद्ध साठा २४.७ लाख कोटी घनमीटर दिसतो, घनफुटात केला तर ८७२ लाख कोटी. जगाच्या साठ्याच्या सुमारे १३ टक्के. बऱ्याच तक्त्यांत हा २०२० चा आकडा आहे, त्यामुळे खाली वर्ष कोणतं लिहिलं ते बघा.

आता फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारचे ऊर्जामंत्री साद अल-काबी यांनी जाहीर केलं की नॉर्थ फील्डमध्ये आणखी २४० लाख कोटी घनफूट गॅस असल्याचं कळलं आणि त्यामुळे देशाचा साठा १,७६० वरून २,००० लाख कोटी घनफुटांच्या वर गेला. कुठं ८७२ आणि कुठं २,०००! दोन्ही आकडे बातम्यांत आहेत आणि दोन्ही "साठा" म्हणूनच आहेत. गोंधळून जाऊ नका. साठा हा शब्द दोन-तीन अर्थांनी वापरतात. जमिनीखाली एकूण किती आहे हा एक हिशोब, आणि आजच्या तंत्रानं, आजच्या भावात, खात्रीनं किती काढता येईल हा दुसरा, त्यालाच सिद्ध साठा म्हणतात. पऱ्हाटीला बोंडं किती लागली आणि कापूस घरी किती क्विंटल आला हे दोन आकडे कधी एक असतात का? म्हणून बातमीत सिद्ध हा शब्द आहे का ते पाहायचं, आणि मंत्र्याच्या भाषणातला आकडा आणि तक्त्यातला आकडा एकाच गणितात कधी टाकायचा नाही.

"१४० वर्षं पुरेल" या वाक्याचं काय करायचं

हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. ते येतं कुठून? साठा भागिले एका वर्षाचं उत्पादन. कतारचं उत्पादन गेल्या काही वर्षांत वर्षाला १७,५०० कोटी घनमीटरच्या आसपास राहिलं. २४.७ लाख कोटीला १७,५०० कोटीनं भागा, १४१ येतात. भागाकार बरोबर आहे पण त्यात धरलंय की काढायचा वेग कधी बदलणार नाही, आणि तो तर बदलतोच आहे.

कतारनं २००५ मध्ये नवीन प्रकल्पांवर स्वतःच बंदी घातली होती, साठ्यातला दाब आणि त्याचं वागणं नीट समजून घ्यायला. ती एप्रिल २०१७ मध्ये उठवली. त्यानंतर नॉर्थ फील्डचे पूर्व, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विस्तार जाहीर झाले आणि एलएनजीची क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून आधी ११ कोटी, मग १२.६ कोटी आणि २०३० संपेपर्यंत १४.२ कोटी टनांवर न्यायचं ठरलं. ६.५ कोटी टन वाढले म्हणजे ६५ गुणिले १३७ कोटी, जवळपास ८,९०० कोटी घनमीटर जास्त गॅस दरवर्षी निघणार. मग उत्पादन २६,४०० कोटी धरा आणि परत भागा, ९४ वर्षं येतात. ढोली तीच, पण तोंड मोठं केलं की १४१ ची ९४ झाली. हा भागाकार मुलांकडून करून घ्या, आमच्याकडं आठवीतल्या पुतणीनं केला आणि तिला तो तोंडपाठ आहे.

शेतकऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट ही, की साठा संपायची भीती आपल्या किंवा आपल्या नातवाच्या खरिपाला नाही. "कतारचा गॅस संपला" असा मेसेज आला तर तो सरळ पुसून टाका. अडचण आली तर ती काढण्यात किंवा नेण्यात येईल.

निर्यात: जहाज कुठून निघतं आणि कुठं अडू शकतं

दोहाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर रास लफान नावाचं औद्योगिक शहर आहे. समुद्रातला गॅस पाईपनं तिथं येतो, साफ होतो, थंड होतो आणि जहाजात भरला जातो. पहिलं जहाज १९९६ च्या डिसेंबरमध्ये जपानला निघालं. २०१० संपता संपता ७.७ कोटी टनांची क्षमता गाठली, आणि २०२४ पर्यंतची निर्यात त्याच आसपास आहे. २०२३ पासून एलएनजी विकण्यात अमेरिका पहिली, कतार आणि ऑस्ट्रेलिया मागोमाग.

उत्पादन १७,५०० कोटी घनमीटर आणि एलएनजीच्या रूपानं बाहेर गेला तो ७७ गुणिले १३७ कोटी, म्हणजे साडेदहा हजार कोटी. मग उरलेला? डॉल्फिन नावाची पाईपलाईन २००७ पासून संयुक्त अरब अमिरातीला आणि पुढं ओमानला वर्षाला सुमारे २,००० कोटी घनमीटर नेते. बाकीचा कतारच्या घरात, वीज करायला, समुद्राचं पाणी गोडं करायला, गॅसपासून डिझेलसारखं इंधन करणाऱ्या पर्ल प्लांटला, आणि गॅस थंड करतानाच आठ-दहा टक्के जळतो तो वेगळा. त्यांचा स्वतःचा युरियाचा कारखानापण आहे, मेसाईद इथं काफ्को कंपनीचा, वर्षाला ५६ लाख टन युरिया करायची त्याची क्षमता. म्हणजे कतार आपल्या वावरात दोन वाटांनी येतो, एक गॅस म्हणून आणि एक तयार युरिया म्हणून.

२०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तनं कतारशी संबंध तोडले, विमानं बंद, सीमा बंद, साडेतीन वर्षं चाललं ते. पण डॉल्फिनचा गॅस त्या काळातही अमिरातीला जातच राहिला. हे मी मुद्दाम सांगतो कारण भांडण झालं म्हणजे गॅस थांबला असं आपण लगेच धरतो.

जहाजाच्या वाटेवर खरी अडचणीची जागा एकच, इराण आणि ओमानच्या मधली होर्मुझची सामुद्रधुनी. कतारचं एलएनजीचं आखाताबाहेर जाणारं प्रत्येक जहाज तिथूनच बाहेर पडतं, दुसरी वाटच नाही. जगात समुद्रातून जाणाऱ्या एलएनजीचा सुमारे पाचवा हिस्सा या एका गल्लीतून जातो. जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेनं ती बंद करायच्या बाजूनं ठराव केला, पण त्या वेळी ती बंद झाली नाही. तर बातमीत "होर्मुझ" शब्द आला की नीट वाचा, आणि बघा की क्रियापद काय आहे. बंद केली, का बंद करायची धमकी दिली, का विमा महाग झाला. तिन्हींचा वजनात लय फरक आहे. खरोखर जहाजं थांबली असतील तर ती गंभीर बातमी, तिला हलकं घेऊ नका.

आपला करार

१९९९ मध्ये भारताच्या पेट्रोनेट कंपनीनं कतारशी करार केला, वर्षाला ७५ लाख टन, २५ वर्षं. पहिलं जहाज, त्याचं नाव दिशा, जानेवारी २००४ मध्ये गुजरातमधल्या दहेजला लागलं. रास लफान ते दहेज साधारण चार दिवसांचा समुद्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात हा करार वाढवला, २०२८ ते २०४८, तेवढेच ७५ लाख टन. एक बदल आहे, आत्तापर्यंत जहाज आपलं, आपण जाऊन माल भरून आणायचो. २०२८ पासून ते आणून टाकणार.

करारातल्या गॅसचा भाव तेलाच्या भावाला बांधलेला असतो. समजा तेलाच्या भावाचा टक्का १२ ठरला आणि ब्रेंट तेल, म्हणजे जगाच्या बाजारात ज्याचा भाव धरतात ते तेल, ८० डॉलर पिंपाला, तर गॅस ९.६ डॉलर एमएमबीटीयूला. हा टक्का मी समजायला घेतला आहे. याच्या उलट हाजर बाजार, तिथं ज्या दिवशी जो भाव तो भाव. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं हाजर भाव ५० डॉलरच्याही वर गेला होता. म्हणून "गॅस पाचपट महागला" असं वाचलं तर विचारा, कोणता? करारातला की हाजर?

करार दोन्ही बाजूंना बांधतो हेपण लक्षात ठेवा. २०१५ मध्ये हाजर गॅस स्वस्त झाला आणि करारातला महाग राहिला, तेव्हा आपण ठरल्यापेक्षा कमी उचलला. नियमानं त्याचा दंड सुमारे १२,००० कोटी रुपये होत होता. पण वर्षाच्या शेवटी दोघांनी बसून भावाची पद्धत बदलली, भाव जवळपास निम्म्यावर आला आणि दंड माफ झाला. माझ्या मते भारताच्या गॅसच्या व्यवहारातला हा फार शहाणपणाचा सौदा आहे आणि आपल्या पेपरांनी त्यावर फार थोडं लिहिलं.

आता सगळं बॅगेत आणा

यासाठीच एवढा खटाटोप. चांगला नवा कारखाना एक टन युरियाला सुमारे २२ एमएमबीटीयू गॅस खातो. एका टनात ४५ किलोच्या २२ बॅगा. म्हणजे एक बॅग, एक एमएमबीटीयू. इतका सोपा हिशोब निघेल असं मला वाटलं नव्हतं, तीन वेळा परत करून पाहिला. जुने कारखाने थोडा जास्त खातात, पण अंदाजाला एकास एक धरा.

आता गॅसचा भाव बातमीत १० डॉलर दिसला आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर एका बॅगेत ८५० रुपयांचा नुसता गॅस आहे. बॅगवरची किंमत बघा, २६६ रुपये ५० पैसे. बाकीचं सरकार अनुदान म्हणून भरतं. मोठ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीजवळची कडक झालेली बॅग हातानं चाचपली आणि म्हणाले, "म्हंजे ह्या दोन बॅगात सतराशेचा गॅस सडवला मी?" मी म्हटलं, "मोठे बाबा, सडला नाही, फोडून उसाच्या बांधाला टाकू." पण त्यांना ते लागलं, त्या दिवशी ते जेवतानाही बोलले नाहीत.

यातून अजून एक निघतं. बॅगचा भाव सरकार ठरवतं, त्यामुळे गॅस महागला म्हणून उद्या बॅग महाग होत नाही. दुकानदार जर म्हणाला की कतारमुळं भाव वाढला, तर ते खोटं आहे, पावती मागा. गॅसच्या बातमीचा परिणाम होतो तो माल किती येतो यावर, आणि तोही काही आठवड्यांनी, कारण कारखान्यात आणि गोदामात माल असतो. देशात २०२३-२४ मध्ये ३१४ लाख टन युरिया बनला, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेजारी तेलंगणात रामागुंडमचा कारखानापण २०२१ पासून चालू आहे. कमी पडतो तो बाहेरून येतो.

दिशासारखं जहाज १.३८ लाख घनमीटर पातळ गॅस आणतं, म्हणजे ६२ हजार टन, गुणिले ५२ केलं तर ३२ लाख एमएमबीटीयू. सगळा गॅस खताला गेला असं धरलं तर एका जहाजात ३२ लाख बॅगा. सगळा जात नाही, वीज, शहरातला गॅस, कारखाने सगळे वाटेकरी आहेत, देशातल्या गॅसपैकी खताला तीस टक्क्यांच्या आसपास जातो. पण "एक जहाज उशिरा आलं" अशी बातमी असेल तर केवढ्याचा प्रश्न आहे हे आता तुम्हाला मोजता येतं.

एक छोटी सूचना, भारताचे आकडे एप्रिल ते मार्चचे आणि कतारचे जानेवारी ते डिसेंबरचे असतात, दोघांची वजाबाकी करू नका.

मेसेज आला की काय करायचं

पहिलं, जागा शोधा. साउथ पार्स का नॉर्थ फील्ड का रास लफान का होर्मुझ, नकाशा मोबाईलमध्ये आहे. मग विचारा की साठा, उत्पादन, निर्यात या तिघांतलं काय थांबलं, साठ्याला तर काही होतच नाही. मग आकडा बघा, एकक बघा, वर्ष बघा. मग दहेजला जहाज लागतंय का हे पुढच्या आठवड्यात वाचा, त्याच रात्री फॉरवर्ड करू नका. आणि लाईनीत जायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात फोन करून तालुक्यात किती युरिया शिल्लक आहे ते विचारा, दुकानदार लिंकिंग करत असेल तर तेही तिथंच सांगा, आम्ही तेव्हा सांगितलं नाही ही चूक झाली.

आणि आपल्याला लागतो किती ते आधी मोजून ठेवा. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो. माती तपासून जी शिफारस आली असेल त्यातून टोबणीसोबत दिलेल्या मिश्र खतातलं नत्र वजा करा, उरलं त्याला एकरांनी गुणा आणि २०.७ नं भागा. तूर, सोयाबीनला यात धरू नका, ती पिकं स्वतःच्या मुळांवर नत्र धरतात.

मोठ्या बाबांनी पुढच्या वर्षीचा हिशोब दिवाळीनंतर माझ्याच वहीत लिहून घेतला, पेन्सिलनं, मोठ्या अक्षरात. पऱ्हाटी साडेतीन एकर, एकरी २४ किलो, एकूण ८४, बॅगा चार, दोन हप्त्यांत टाकायच्या, दुसरा हप्ता डवरणी झाल्यावर.